साडेसातची सुई

१ जून २०२५, रविवार

ही डायरी खरं तर माझी नाही. माझ्या दिरांनी, यशोधनभाऊजींनी, डिसेंबरात नव्या वर्षासाठी आणली, पहिल्या पानावर आपलं नाव घातलं आणि सत्तावीस तारखेला ते गेले. पाच महिने ती मागच्या खोलीत त्यांच्या टेबलावर कोरी पडून होती. आज मी उचलली, कारण मला बोलायचं आहे आणि दुपारी चारपासून या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही.

चार वाजता मी कुत्रा घेऊन घरी आले.

शरच्चंद्र ओसरीत बसले होते. (एकोणचाळीस वर्षं 'अहो' म्हटलं, डायरीत तरी नाव घेते.) त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत इन्सुलिनची बाटली आणि सुयांचं पाकीट होतं. म्हणाले, "या घरात पुन्हा सुई येणार नाही." मी म्हटलं, "आली आहे." ते उठून आत गेले आणि अबोला सुरू झाला. आमचे अबोले रीतसर असतात. जेवण वेळेवर, चहा गरम, निरोप तिसऱ्याकडून. आजवरचा सगळ्यात लांबलेला अकरा दिवसांचा, फाटकाला कुठला रंग द्यायचा यावरून.

कुत्र्याबद्दल लिहिते. वराळ्याच्या बाजूला एक बाई टाकून दिलेली कुत्री सांभाळतात. मी 'नुसतं बघायला' गेले होते. त्यांनी तीन दाखवली. एक खेळकर पिल्लू, एक पांढरी शहाणी कुत्री, आणि कोपऱ्यात हा. तांबूस, नऊ-दहा वर्षांचा, एक कान फाटका. लोणावळ्यात कुणाचा तरी सुट्टीचा बंगला होता. मालकांनी तो विकला आणि याला फाटकाला बांधून निघून गेले. पाण्याचा टँकरवाला येता-जाता याला पाणी पाजायचा, म्हणून वाचला. बाई म्हणाल्या, याला कुणी नेत नाही, मधुमेह आहे, दिवसातून दोनदा सुई टोचावी लागते. मी लगेच म्हटलं, हाच द्या.

तुम्हाला येतं का टोचायला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चौदा वर्षं आमच्या घरात हेच चाललं होतं. ते खरंच आहे. फक्त भाऊजींना टोचायचे शरच्चंद्र, आणि मी तेव्हा चहा ठेवायचे. एवढं मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते मला विचारू नये.

३ जून, मंगळवार

दोन दिवस मोसंब्यावर सराव केला. मोसंबं हलत नाही आणि आपल्याकडे बघतही नाही, हा मोठा फरक. पहिल्यांदा कुत्र्याला टोचलं तेव्हा माझा हात इतका थरथरला की निम्मं औषध त्याच्या केसांवरच गेलं. तो मागे वळून माझ्याकडे पाहत राहिला, रागाने नाही, जरा काळजीने.

डॉक्टर समीक्षा लोणावळ्यात बसतात. शाळेत मी शिकवलेल्या शेवटच्या वर्गातल्या मुली आता असतील, वयाने तेवढ्याच असतील. त्यांनी नीट समजावलं. आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई नाही. दोन वेळांत बारा तासांचं अंतर, वेळा तुम्ही ठरवा. माझ्या तोंडून साडेसात निघालं. सकाळी साडेसात, संध्याकाळी साडेसात.

भाऊजींना टोचताना शरच्चंद्र दर वेळी म्हणायचे, "मुंगी आली, मुंगी गेली." बासष्ट वर्षांच्या माणसाला. मला हसू यायचं. आज मीही म्हणून पाहिलं, पण माझ्या तोंडी ते शोभलं नाही.

लीलाबाईंनी नाव ठेवलं. त्या कुसगावातून सकाळी भांडी-लादीला येतात, बारा वर्षं झाली. कुत्र्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "लय वय झालंया ह्याचं. नावानं हाक मारायची न्हाई. आबा म्हनायचं." आता तो आबा.

७ जून, शनिवार

आबा आज दुपारपासून फाटकाशी बसून होता. हाक मारली, आला नाही. खाणं दाखवलं, आला नाही. रस्त्याने गाडी गेली की उभा राहायचा, गाडी पुढे गेली की बसायचा. सहा वाजता माझ्या लक्षात आलं. सुट्टीच्या बंगल्यात माणसं शनिवारीच येत असणार.

त्याला शनिवार कळतो कसा, कोण जाणे. मला निवृत्त झाल्यापासून कुठलाच वार धड कळत नाही.

मला रडू आलं ते मी कांद्यावर ढकललं, पण घरात विचारणारं कुणी नव्हतं आणि आज भाजीत कांदाही नव्हता.

११ जून, बुधवार

आज गंमत झाली. सकाळी मी बाटली जोरात हलवत होते, खोकल्याच्या औषधाची हलवतात तशी. शरच्चंद्र दाराशी होते. लीलाबाई ओट्याशी. मी मध्ये, दोघांपासून चार-चार हातांवर. शरच्चंद्र लीलाबाईंना म्हणाले, त्यांना सांगा, बाटली हलवायची नसते, तळहातात घोळवायची असते.

लीलाबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "बाई, सायेब म्हनत्यात, हालवायची न्हाई, घोळवायची."

मी म्हटलं, त्यांना सांगा, कळलं.

"सायेब, बाईंना कळलं," असं म्हणून त्या पुन्हा भांड्यांकडे वळल्या. खांदे हलत होते. रडत नव्हत्या हे नक्की.

घोळवली. फेस आला नाही. सुई नीट गेली. शरच्चंद्रांना माझ्या चुका काढल्याशिवाय चैन पडत नाही, अबोल्यातसुद्धा.

१९ जून, गुरुवार

लीलाबाई दहाला जातात. त्यानंतरच्या भांडणांना निरोप्या नाही, म्हणून शरच्चंद्रांनी चिठ्ठ्या सुरू केल्या आहेत. फ्रिजवर चुंबकाखाली लावतात. 'सोफ्यावर केस. १६ जून, दु. २.१०.' 'पायपुसणं ओलं. १७ जून, सायं. ४.४५.' तळेगावच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासला, त्यामुळे तारीख-वेळ घातल्याशिवाय चिठ्ठी लावणार नाहीत. आणि हे हल्ली फार वाढलं आहे. डिसेंबरपासून गॅस बंद केला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहितात, दाराला कडी घातली की वेळ लिहितात, मग पुन्हा उठून कडी बघून येतात. म्हातारपणी एकेक खोड लागते.

आज मी ठरवलं, चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत. चिठ्ठी वाचणं म्हणजे बोलणंच झालं. चुंबकाखालून काढायची, घडी घालायची आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. आजची टाकली. फार बरं वाटलं.

२४ जून, मंगळवार

तीन दिवस ढग खाली उतरले आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येतात, जेवणाच्या टेबलावरून जातात आणि ओसरीच्या दाराने बाहेर पडतात. शाळेत मी मुलांना ढगांचे प्रकार शिकवायचे, फळ्यावर काढून. घरात फिरणाऱ्या ढगाचा प्रकार पुस्तकात नव्हता. खालून घाटातून गाडीचा भोंगा येतो तो कुठल्या दिशेने येतोय ते कळत नाही. समोरचं फाटक दिसत नाही, त्यामुळे जगात फाटक आहे की नाही अशी शंका येते.

दुपारी आबा चटईवर झोपला होता आणि त्याचे चारही पाय चालत होते. झोपेत पळतो तो, रोज. कुठे जातो? मी त्याच्या शेजारी लादीवर आडवी झाले, पाठ दुखत असूनही. डोळा लागला. स्वप्नात भाऊजी ओसरीच्या पायरीवर बसले होते, बाही वर केलेली. म्हणाले, वहिनी, किती वाजले? मी घड्याळ बघायला वळले तर भिंतच धुक्यात होती.

उठले तर माझ्या अंगावर चादर होती. मीच ओढून घेतली असेन.

आणखी एक. शरच्चंद्र रोज साडेसातला मागच्या खोलीत जातात आणि दार लावून घेतात. सकाळी पेपर वाचत असतील हे ठीक, पण संध्याकाळीही. भाऊजींच्या खाटेवर बसतात, मी फटीतून पाहिलं. आबा सुई झाली की त्याच दारापाशी जाऊन बसतो. काल तर आतच होता. कडी ढिली झाली असावी.

२ जुलै, बुधवार

डॉक्टर समीक्षांकडे गेले. साखर बरीच आटोक्यात आली आहे. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, तो थांबवता येणार नाही असं त्या म्हणाल्या. सहा महिने, कदाचित कमी. मी विचारलं, त्याला कळेल का? त्या म्हणाल्या, त्याला घर पाठ झालेलं असेल तोवर.

घरी येताना रिक्षात तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून बसला. मला कुणाचं तरी इतकं वजन अंगावर घ्यायची सवय राहिली नव्हती.

मागच्या शनिवारी आबा फाटकाशी बसला तेव्हा शरच्चंद्र खुर्ची घेऊन बाहेर बसले होते. म्हणे पाऊस थांबलाय म्हणून. म्हणे म्हणजे, लीलाबाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. पाऊस थांबला नव्हता.

८ जुलै, मंगळवार

लीलाबाई उद्यापासून चार दिवस येणार नाहीत. लावणी आहे. रोपं तयार झाली, चिखल झाला, माणसं मिळत नाहीत. जाताना उंबऱ्यावर थांबल्या.

"बाई, चार दिस मी न्हाई. तवर तुमचं तुमी बोला की जरा. आबाला बी कससंच व्हतं ओ, दोघांच्या तोंडाकडं बघून."

मी म्हटलं, आबाला काही होत नाही. त्यांना काय कळतंय आमच्यातलं.

९ जुलै, बुधवार

उद्या गुरुपौर्णिमा. शेजारच्या इरावतीबाई पहाटे गाडीने शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला निघणार, मला चल म्हणाल्या. पावणेपाचला निघायचं, सव्वासातपर्यंत परत. सुईच्या आत पोचते. जाते.

११ जुलै, शुक्रवार

कालचं लिहायलाच हवं.

पहाटे धुक्यात गाडीच्या दिव्यांपुढे दोन हात रस्ता दिसत होता. दर्शन साडेसहाला झालं. बाहेर पडलो तर गाड्याच गाड्या, पुढे सरकायला जागा नाही. साडेसात रस्त्यात वाजले. माझ्या हातात फोन होता. शरच्चंद्रांचं नाव समोर होतं. एक बटण. चाळीस दिवस झाले होते आणि मी फोन केला असता तर मी हरले असते. एवढंच कारण होतं, दुसरं काही नाही. तासभर मागेपुढे झालं तर चालतं असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, ते मी स्वतःला दोनदा सांगितलं.

नऊला घरी आले. शरच्चंद्र नव्हते, छत्री नव्हती, पेपर आणायला गेले असणार. फ्रिजवर चिठ्ठी होती. काढली, घडी घातली, डब्यात टाकली.

आबाला खाणं कालवून दिलं. त्याने हुंगलं आणि तोंड फिरवलं. खाल्लं नाही तर सुई नाही, हे मला पाठ होतं. पण मला वाटलं, उशीर झाला म्हणून रुसला. या घराची हवा लागली. आणि मी सुई दिली. बाटली अगदी नीट घोळवून दिली.

मग पाठ टेकली. घरात ढग आलेला. आबा चटईवर होता आणि थोड्या वेळाने त्याचे पाय चालायला लागले. मी कुशीवर वळून बघत राहिले. काल फार लांब पळत होता. जबडाही हलत होता, काही खात असल्यासारखा. मला वाटलं, स्वप्नात तो जुन्या बंगल्यावर पोचला असेल, गाडी आली असेल. मी हसत होते. किती वेळ हसत बघत होते ते मला माहीत नाही. हे मी स्वतःला कधी माफ करणार नाही.

दारात शरच्चंद्र उभे होते. छत्रीतून पाणी गळत होतं.

"इंदू," ते म्हणाले, "तो झोपलेला नाही."

मी उठून बसले. ते छत्रीसकट खाली बसले होते, आबाचं डोकं हातात धरून. "सुई दिलीस?"

"नऊला."

"मी साडेसातला दिली होती. खाऊ घालून. चिठ्ठी लावली होती."

बोलताना त्यांचे हात एका क्षणासाठीही थांबले नाहीत. मागच्या खोलीत गेले आणि ग्लुकोजचा डबा घेऊन आले, भाऊजींचा. तो डबा त्या खोलीत आहे हे मला माहीत नव्हतं. वाटीत चार थेंब पाण्यात कालवलं आणि बोटाने आबाच्या हिरड्यांना चोळायला लागले. मला म्हणाले, मध आण, घशात ओतू नकोस, हिरड्यांनाच लाव. मी लावत राहिले. आबाने एकदा त्यांचं बोट चावलं, रक्त आलं, त्यांनी ते पुसलंही नाही. पाय थांबले तेव्हा मला वाटलं, गेला. ते म्हणाले, आहे, इरावतीबाईंना हाक मार.

इरावतीबाईंच्या गाडीने दवाखान्यात पोचलो आणि डॉक्टर समीक्षांनी सलाईन लावलं. साखर अगदी तळाला गेली होती. म्हणाल्या, दोन-तीन तास काही सांगता येणार नाही, वेळेवर हिरड्यांना चोळलंत म्हणून इथवर आला. कुणी चोळलं? मी शरच्चंद्रांकडे बोट दाखवलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

आम्ही बाकावर बसलो. बाहेर धुकं. मग शरच्चंद्र बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

"सत्तावीस तारखेला सकाळी मी यशोधनची सुई भरली. तेवढ्यात दूधवाला आला म्हणून उठलो. परत आलो तर तो बाही वर करून बसला होता. मी विचारलं, दिली का रे मी? तो हसला. नेहमी हसायचा तसा. मी दिली. ती पहिली होती की दुसरी, मला आठवत नाही इंदू. साडेसहा महिने मी आठवतोय."

त्या दुपारी भाऊजी झोपले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हृदय म्हटलं होतं. तेच मी म्हटलं.

"डॉक्टरांना मी हे सांगितलंच नव्हतं. कुणालाच नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. गॅसच्या वेळा, कडीच्या वेळा, चिठ्ठ्यांवरच्या वेळा. मी त्याला खोड म्हणत होते. एका घरात, एका भिंतीच्या अंतरावर, मी त्या सकाळी चहा गाळत होते. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "सांगून तू काय म्हणाली असतीस? नाही हो, एकदाच दिली असेल. तुला तरी कुठे माहीत आहे?"

मला खरंच माहीत नव्हतं. काल सकाळी मी याच हातांनी दुसरी सुई दिली होती, त्यामुळे त्यांना धीर देण्याचं तोंड माझ्याकडे उरलं नव्हतं. मी त्यांचं चावलेलं बोट माझ्या रुमालात गुंडाळलं आणि धरून बसले. मला वाटतं, आम्ही दोघंही रडलो.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तिथे तीन कुत्री होती म्हणालीस ना लीलाबाईंना. हाच का आणलास?"

"माहीत नाही."

"इंदू."

"साडेसात वाजायचे," मी म्हटलं, "आणि घरात काहीच व्हायचं नाही."

दुपारी दोन वाजता आबाने डोकं उचललं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. शेपटीचं टोक दोनदा टेबलावर आपटलं. डॉक्टर समीक्षा म्हणाल्या, यापुढे घरात सुई एकानेच द्यायची. शरच्चंद्र म्हणाले, "नाही. दोघांनी. पण सांगून."

१३ जुलै, रविवार

आज डबा उघडला. ते आंघोळीला गेले होते.

'आबाने दुपारी दोन वाट्या पाणी प्यायलं. जास्त आहे. १९ जून, दु. ३.२०.'

'तू लादीवर झोपली होतीस. गार असते. २४ जून, दु. २.५०.'

'डावा डोळा पांढरट वाटतो. डॉक्टरांना दाखवावा. २६ जून, स. ८.००.'

'आज तुझी पाठ दुखत होती. संध्याकाळची सुई मी देऊ का? तसं कळव. २८ जून, सायं. ५.४०.'

'फाटकाशी बसलो आबाबरोबर. कुणी आलं नाही. २८ जून, सायं. ६.१५.'

आणि सगळ्यात वरची. 'आबाला खाऊ घातलं, सुई दिली. तू दमून येशील, चहा थर्मासमध्ये आहे. १० जुलै, स. ७.३५.'

एकूण सतरा होत्या. केसांबद्दल एकही नाही. थर्मास मी त्या दिवशी उघडलाच नव्हता. आज उघडला, चहा नासला होता. धुतला आणि उन्हाची वाट न बघता तसाच पालथा घातला.

१४ जुलै, सोमवार

लीलाबाई आल्या. हात चिखलाने अजून भेगाळलेले. आम्ही दोघं टेबलाशी बसून बोलतोय हे बघून दारातच थांबल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी आबाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "म्हंजी निरोपाचं काम गेलं माजं. ऱ्हाऊ द्या, पाय लय दुखत्यात." मग लादी पुसायला घेतली.

२ ऑगस्ट, शनिवार

नियम असा ठरला आहे. जो सुई देईल त्याने मोठ्याने म्हणायचं, "दिली." दुसऱ्याने घरात असेल तिथून म्हणायचं, "ऐकलं." 'ऐकलं' आल्याशिवाय सुई खाली ठेवायची नाही. शरच्चंद्रांनी केलेला नियम. पहिले दोन दिवस मला नाटकात काम करतेय असं वाटलं. आता मी कणीक मळता मळता म्हणते.

त्यांनी कॅलेंडरवर गॅसच्या वेळा लिहिणं थांबवलेलं नाही. पण कडी आता एकदाच बघतात.

आज दुपारी आम्ही तिघंही फाटकाशी बसलो होतो. इतकं धुकं की रस्ता दिसत नव्हता, गाड्या नुसत्या ऐकू येत होत्या. प्रत्येक गाडीला आबा उठायचा. पाचव्या गाडीनंतर तो उठला नाही, शरच्चंद्रांच्या चपलेवर हनुवटी ठेवून पडून राहिला. ते पायही हलवेनात. पायाला मुंग्या आल्या असतील, मी म्हटलं. ते म्हणाले, येऊ देत.

१२ ऑक्टोबर, रविवार

आबाला आता जवळजवळ दिसत नाही. लीलाबाईंनी घरून बैलाच्या गळ्यातली जुनी घंटी आणून दिली. बैल राहिले नाहीत, घंटी राहिली. शरच्चंद्रांनी ती आपल्या काठीला बांधली. ते चालतात, घंटी वाजते, आबा मागे जातो. कुसगावातली पोरंसोरं हसतात. ते कुणाकडे बघत नाहीत.

भात पिवळा झाला आहे. सकाळी इंद्रायणी भाताचा वास ओसरीपर्यंत येतो. आबा नाक वर करून उभा राहतो, बराच वेळ, आणि मला वाटतं त्याला आमच्यापेक्षा जास्त दिसतं. डॉक्टर समीक्षा म्हणतात, मूत्रपिंडं थकत चालली आहेत, हिवाळा निघेल.

भाऊजींच्या खोलीचं दार आता उघडंच असतं. सुई तिथेच होते, त्यांच्या खाटेशी.

२३ नोव्हेंबर, रविवार

तीन दिवस ताप. आज ताप उतरला पण घसा पूर्ण बसलाय, आवाज म्हणून निघत नाही. पडून आहे. खिडकीत ऊन आहे, नोव्हेंबरचं, पातळ. कधी डोळा लागतो, कधी उघडतो, मधलं काही कळत नाही. आबा खाटेखाली झोपलाय असं वाटत होतं, मग मागच्या खोलीतून घंटी ऐकू आली.

मग त्यांचा आवाज. हळू, अगदी जुना आवाज, वर्षभर न ऐकलेला.

"मुंगी आली. मुंगी गेली."

मी श्वास धरून पडून राहिले.

"दिली," शरच्चंद्र मोठ्याने म्हणाले.

मी तोंड उघडलं. नुसती हवा निघाली.

"इंदू, दिली."

पुन्हा प्रयत्न केला. नाहीच. मग घंटी जवळ जवळ येत गेली आणि ते दारात आले. एका हातात रिकामी सुई, दुसऱ्यात काठी, मागे आबा, त्याचं नाक त्यांच्या पोटरीला टेकलेलं. मी मान हलवली, ऐकलं अशी.

"मान नको," ते म्हणाले. "तोंडाने सांग."

मी घशावर हात ठेवून दाखवला. त्यांना माहीत होतं, काढा त्यांनीच केला होता. तरी हलेनात. आबाने डोकं माझ्या दिशेने वळवलं, कान पुढे करून. घड्याळात सात चौतीस झाले, पस्तीस झाले, आणि मला दिसलं की हा माणूस गेल्या डिसेंबरपासून असाच दारात उभा आहे.

मी उठून बसले. सगळा जोर लावला.

"ऐकलं," मी म्हटलं. फाटका, घोगरा, माझा नसलेला आवाज. पण निघाला.

ते खाली वाकले, आबाला म्हणाले, "ऐकलं रे तिने." आणि सुई टाकायला गेले.